जलस्तंभ दिसला तर काय करावे : ओळख, धोका आणि बचावाच्या पायऱ्या

चैत्र-वैशाखातल्या तापलेल्या दुपारी मोकळ्या मैदानातून धूळ, वाळलेला पाला आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या गरगर फिरवत नेणारी वावटळ पाहिली नाही, असा नागपूरकर सापडणे कठीण आहे. ती अंगावरून गेली की डोळ्यांत धूळ जाते, दोरीवरचे कपडे उडतात आणि मिनिटभरात सारे शांत होते. त्यामुळे पाण्यावर उभा राहिलेला फिरता खांब पहिल्यांदाच पाहणारा माणूस तोही वावटळीचाच प्रकार समजतो आणि मागे सरण्याऐवजी मोबाइल काढून चित्रीकरण करू लागतो. जलस्तंभाच्या बाबतीत ही समजूत घातक ठरू शकते. तो दिसण्याआधी, दिसल्यावर आणि निघून गेल्यावर कोणत्या क्रमाने काय करावे, हे या लेखात सविस्तर मांडले आहे.

समुद्र नागपूरपासून शेकडो किलोमीटर दूर आहे, मग हा विषय आपल्याला कशाला, असा प्रश्न कुणी विचारील. त्याचे एक उत्तर असे की उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत आपल्याकडची असंख्य कुटुंबे तारकर्ली, मालवण, गणपतीपुळे, गोवा किंवा अंदमानला जातात, आणि समुद्राची सवय नसलेल्या माणसाला त्यावरचे आभाळ वाचता येत नाही. दुसरे उत्तर मला अधिक महत्त्वाचे वाटते. जलस्तंभापासून वाचण्यासाठी जी काळजी घ्यावी लागते, जवळजवळ तीच काळजी रामटेकजवळच्या खिंडसी तलावात, तोतलाडोहच्या किंवा गोसीखुर्दच्या जलाशयात अचानक आलेल्या वादळी वाऱ्यात जीव वाचवते. आपल्या तलावांवर जलस्तंभ उठण्याची शक्यता अगदी थोडी आहे, पण अवकाळी पावसासोबत येणारे वादळी वारे मात्र दरवर्षीचेच आहेत.

आधी नीट ओळख

जलस्तंभाला इंग्रजीतून आलेला वॉटरस्पाउट हा शब्द आता सर्रास वापरला जातो. हत्तीच्या सोंडेसारख्या आकारावरून त्याला जलशुंडा असेही म्हणतात. ढगाच्या तळापासून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचलेला, स्वतःभोवती वेगाने फिरणारा हवेचा स्तंभ म्हणजे जलस्तंभ. वावटळ आणि जलस्तंभ यांतला मूळ फरक इथेच आहे. वावटळ तापलेल्या जमिनीतून उठते, तिच्या माथ्यावर ढग असावाच लागत नाही आणि ती बहुधा निरभ्र आकाशाखाली दिसते. जलस्तंभ मात्र ढगाशी जोडलेला असतो आणि त्याची ताकद त्या ढगात वर चढणाऱ्या हवेतून येते.

एक गैरसमज इथेच दूर केला पाहिजे. जलस्तंभ समुद्राचे किंवा तलावाचे पाणी ओढून ढगात नेतो, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात आपल्याला दिसणारी सोंड ही मुख्यतः हवेतल्या बाष्पापासून बनलेल्या सूक्ष्म थेंबांची असते. फिरणाऱ्या स्तंभाच्या मध्यभागी हवेचा दाब कमी झालेला असतो. तिथे शिरणारी हवा प्रसरण पावते, थंड होते आणि तिच्यातल्या बाष्पाचे थेंब बनून ते ढगासारखे दिसू लागते. पाण्याचे तुषार फक्त तळाशी, काही मीटर उंचीपर्यंत उडतात. ही माहिती केवळ कुतूहलाची नाही. सोंड जिथे संपलेली दिसते तिथे वारा संपत नाही, कारण सोंडेच्या बाहेर हवा तितकीच वेगाने फिरत असली तरी तिथे बाष्पाचे थेंब न बनल्यामुळे ती दिसत नाही. कधीकधी तर वर सोंड नसतेच आणि पाण्यावर मात्र तुषारांचे कडे फिरत असते. म्हणून डोळ्यांना दिसणाऱ्या आकारावरून सुरक्षित अंतर ठरवू नये.

जलस्तंभाचे दोन प्रकार आहेत आणि त्यांचा धोका सारखा नाही. पहिला प्रकार शांत हवेतला. कोमट पाण्यावर, मंद वाऱ्यात, वाढत असलेल्या राशिमेघांच्या, म्हणजे कापसाच्या ढिगासारख्या ढगांच्या, रांगेच्या सपाट काळसर तळाखाली तो तयार होतो. दोन दिशांनी आलेले मंद वारे जिथे एकमेकांना भिडतात, त्या रेषेवर हवेला थोडीशी गिरकी आधीच मिळालेली असते. वरचा ढग वाढू लागला की तो ही गिरकी घेणारी हवा वर खेचतो आणि तिचा घेर आवळत जातो. फुगडी खेळणाऱ्या दोघी एकमेकींच्या जवळ आल्या की वेग कसा एकदम वाढतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना यामागचे तत्त्व वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. या प्रकारचा जलस्तंभ पाण्यापासून वर वाढतो, साधारणपणे ५ ते २० मिनिटे टिकतो आणि सावकाश सरकतो. त्यातला वारा बहुधा दुबळ्या टोर्नेडोइतका (टोर्नेडो म्हणजे ढगापासून जमिनीपर्यंत पोहोचलेला विध्वंसक फिरता वारा) म्हणजे ताशी १०० किलोमीटरच्या आसपास किंवा कमी असतो, पण क्वचित त्याहून जास्तही होतो.

दुसरा प्रकार म्हणजे पाण्यावर आलेला किंवा पाण्यावरच जन्मलेला खरा टोर्नेडो. तो प्रचंड गर्जन्मेघातून, म्हणजे विजा-गडगडाटाच्या उंच ढगातून, खाली उतरतो आणि त्याच्यासोबत विजा, गारा, मुसळधार पाऊस आणि खवळलेल्या लाटा असतात. टोर्नेडो हा फक्त अमेरिकेचा विषय नाही. बांगलादेशात २६ एप्रिल १९८९ रोजी दौलतपूर आणि सातुरिया परिसरात झालेल्या टोर्नेडोत अंदाजे १,३०० माणसे मरण पावली आणि जगातल्या सर्वांत प्राणघातक टोर्नेडोंत त्याची गणना होते. जलस्तंभामागे विजा चमकत असतील, गडगडाट ऐकू येत असेल आणि आकाश सर्वत्र काळवंडले असेल, तर तो या दुसऱ्या प्रकारचा आहे असे समजूनच वागावे. काठावरून दोन्ही प्रकारांत नेमका भेद करता येईलच असे नाही, आणि तो करत बसण्यात वेळही घालवू नये.

पहिली पायरी : पाण्यावर जाण्याआधी हवामान पाहणे

भारतीय हवामान विभाग जिल्हावार इशारे हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल अशा चार रंगांत देतो, आणि पुढच्या साधारण तीन तासांसाठीचे तत्काळ अंदाजही प्रसिद्ध करतो. नौकाविहाराच्या दृष्टीने हा तीन तासांचा अंदाज सर्वांत उपयोगी आहे, कारण विदर्भातले गर्जन्मेघ बहुधा दुपारनंतर वाढतात आणि सकाळच्या लख्ख उन्हावरून संध्याकाळची कल्पना येत नाही. नागपूरचे प्रादेशिक हवामान केंद्र सोनेगावला विमानतळाजवळ आहे आणि शहरात डॉप्लर रडारही आहे. मोबाइलवर हवामान विभागाचे मौसम, राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे सचेत आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने विकसित केलेले दामिनी ही तीन ॲप्स घेऊन ठेवावीत. त्यांपैकी दामिनी आपल्या परिसरात पडणाऱ्या विजांची सूचना देते.

इशाऱ्यात ‘ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाचे वादळी वारे’ असे शब्द असले तर अनेकांना ते किरकोळ वाटते, कारण दुचाकी आपण याहून वेगाने चालवतो. पण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, आणि छत लावलेल्या, कडेच्या बाकावर माणसे बसलेल्या उथळ बोटीला एका बाजूने आलेला ५० किलोमीटर वेगाचा झोत पुरेसा असतो. अशा दिवशी नौकाविहार रद्द करावा. कोकणात किंवा गोव्यात असाल तर मच्छीमारांना समुद्रात न जाण्याचा इशारा दिलेला आहे का, हे स्थानिक बंदरावर विचारावे. ज्या दिवशी तिथला कोळी होडी काढत नाही, त्या दिवशी पर्यटकांच्या बोटीत आपण बसू नये.

अंदाजाची एक मर्यादाही लक्षात घ्यावी. जलस्तंभ इतका लहान आणि इतका अल्पजीवी असतो की तो बहुतेक वेळा रडारवर दिसतच नाही. रडारची किरणशलाका दूरवर गेल्यावर बरीच उंचावरून जाते आणि खालचे हे फिरणे तिच्या खालून निसटते. पाणी कोमट आणि दीड किलोमीटर उंचीवरची हवा त्या मानाने बरीच थंड असेल, तर शक्यता वाढते एवढे शास्त्रज्ञ सांगू शकतात. तो अमुक जागी अमुक वेळी उठेल, असे कुणी सांगू शकत नाही.

दुसरी पायरी : पाणी वाचायला शिकणे

या लेखातला हा भाग मी मुद्दाम विस्ताराने लिहीत आहे, कारण बचावासाठी लागणारी मिनिटे इथेच मिळतात. जोसेफ गोल्डन या अमेरिकी हवामानशास्त्रज्ञाने फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाजवळच्या कीज बेटांभोवती, जिथे दरवर्षी शेकडो जलस्तंभ उठतात, विमानातून त्यांचा अभ्यास केला. पाण्यावर धुराच्या नळ्या टाकून हवा कशी फिरते हे पाहिले गेले आणि त्यावरून त्यांनी १९७४ मध्ये जलस्तंभाच्या आयुष्याच्या पाच अवस्था मांडल्या. सामान्य माणसाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की यांतल्या पहिल्या दोन अवस्थांत आकाशात लक्ष वेधून घेईल असे फारसे काही नसते. जे घडते ते पाण्याच्या पृष्ठभागावर.

पहिल्या अवस्थेत पाण्यावर फिकट मध्य आणि त्याभोवती काळसर कडे असलेला गोल डाग दिसतो. उंचावरून तो स्पष्ट दिसतो, काठावरून मात्र पाण्याचा एखादा तुकडा आजूबाजूपेक्षा वेगळा भासतो इतकेच. दुसऱ्या अवस्थेत त्या डागाभोवती उजळ आणि गडद पट्टे चक्राकार वळू लागतात. तिसऱ्या अवस्थेत तुषारांचे कडे उभे राहते. पाणी उकळत असल्यासारखे दिसते आणि कड्याच्या मध्यभागी मोकळी जागा जाणवते. चौथी अवस्था पूर्ण वाढीची, जेव्हा ढगापासून लोंबणारी सोंड ठळक होते. पाचव्या अवस्थेत शेजारून पडणाऱ्या पावसासोबत थंड हवा खाली उतरते, जलस्तंभाला मिळणारी उबदार हवा तुटते, सोंड बारीक आणि वाकडी होत जाऊन विरते.

म्हणजे शांत हवेतल्या जलस्तंभाची सोंड ठळक दिसू लागते, तेव्हा तो जन्मत नसून भर ताकदीत आलेला असतो. सोंड पाण्याला टेकेपर्यंत थांबू, मग निघू, असा हिशेब करणारा माणूस सगळी उपयोगी मिनिटे गमावून बसतो. तुषारांचे फिरते कडे दिसणे हाच निघण्याचा इशारा मानावा.

आकाशाकडेही लक्ष हवेच. राशिमेघांची रांग, तिचा काळा आणि सपाट तळ, त्या तळातून खाली आलेला सुळका किंवा फिरणारा फुगवटा ही चिन्हे ध्यानात ठेवावीत. आपल्याकडे आणखी एक चिन्ह विश्वासार्ह आहे : उकाड्यात स्तब्ध असलेल्या हवेत अचानक थंड वाऱ्याची झुळूक येणे आणि त्यासोबत ओल्या मातीचा वास. फुटाळ्याच्या काठावर संध्याकाळी बसणाऱ्यांना हा क्षण फार सुखाचा वाटतो आणि तो तसा असतोही. पण ती थंड हवा म्हणजे जवळच्या गर्जन्मेघातून खाली आदळून जमिनीवर पसरलेला वारा असतो, आणि त्याचा जोराचा भाग अनेकदा काही मिनिटांतच मागून येतो. तलावाच्या मध्यावर असलेल्या माणसाने त्या पहिल्या झुळकीलाच काठाकडे वळावे.

तिसरी पायरी : तो कुठे चालला आहे हे ठरवणे

जलस्तंभ दिसला की सर्वांत आधी दूरच्या एखाद्या स्थिर खुणेशी त्याची तुलना करावी. काठावरचे झाड, टेकडी, दीपगृह, इमारत असे काहीही चालेल. हात समोर ताठ धरून अंगठा त्या खुणेवर आणावा आणि आपण स्वतः न हलता जलस्तंभ तिच्या डावीकडे सरकतो की उजवीकडे, हे अर्धा मिनिट पाहावे. तो बाजूला सरकत असेल तर त्याची वाट आपल्या समोरून आडवी जाते. तो जागचा हलत नसेल आणि आकाराने मात्र मोठा होत असेल, तर तो थेट आपल्याकडे येत आहे. नवख्या माणसाला नेमकी ही स्थिती ‘थांबल्यासारखी’ वाटते, म्हणून ती पुन्हा सांगतो : न सरकता मोठा होणारा जलस्तंभ सर्वांत धोकादायक.

त्यानंतर त्याच्या वाटेशी काटकोन करून दूर जावे. त्याच्या पुढे पुढे पळत सुटू नये, कारण दिशा तीच राहिली तर आपण त्याच्या वाटेतच राहतो. तो डावीकडून उजवीकडे जात असेल तर आपण त्याच्याकडे पाठ करून सरळ मागे जावे. तो आपल्याच दिशेने येत असेल तर डावीकडे किंवा उजवीकडे, जिकडे काठ जवळ असेल तिकडे वळावे. शांत हवेतला जलस्तंभ बहुधा ताशी २० किलोमीटरच्या आतबाहेर सरकतो आणि इंजिनाच्या बोटीला इतक्या वेगापासून दूर जाणे जमते. वल्ह्याच्या नावेला, डोंग्याला किंवा पायडल बोटीला ते जमेलच असे नाही, म्हणून त्यांनी काठापासून फार दूर मुळात जाऊच नये.

तो लांबून पातळ दिसला म्हणून त्याच्यामधून किंवा अगदी कडेने बोट नेण्याचा प्रयत्न कुणी करू नये. दृश्य टिपण्यासाठी जवळ जाण्याचा मोह बोटीतल्या पर्यटकांना होतो आणि क्वचित बोटवालाही त्यांच्या आग्रहाला बळी पडतो. अशा वेळी बोटीतल्या वडीलधाऱ्या माणसाने स्पष्ट शब्दांत नाही म्हणावे.

चौथी पायरी : बोटीत असताना

लाइफ जॅकेट बोटीत बसण्यापूर्वी, काठावरच घालावे आणि त्याचे सगळे पट्टे आवळावेत. वारा सुटल्यावर डुलणाऱ्या बोटीत ते घालणे फार अवघड जाते. लहान मुलांना घालणे तर त्याहून कठीण. मुलांसाठी मुलांच्याच मापाचे जॅकेट मागावे, कारण मोठ्या मापाचे जॅकेट पाण्यात वर सरकते आणि मूल खालून निसटते. जॅकेट नसेल तर बोटीत बसू नये. जुलै २०१७ मध्ये नागपूरजवळच्या वेणा जलाशयात नाव उलटून तरुण मुले बुडाली, तेव्हा तिथे जलस्तंभ नव्हता आणि वादळही कारणीभूत नव्हते. अशा अपघातांत अंगावर जॅकेट असणे-नसणे हाच जगण्या-मरण्यातला फरक असतो.

बोट काठापर्यंत पोहोचू शकणार नाही असे दिसले, तर सगळ्यांनी उभे न राहता बोटीच्या तळात, मध्याजवळ खाली बसावे आणि बोटीला घट्ट धरावे. एका बाजूला काय चालले आहे हे पाहायला सगळे जण त्याच बाजूला झुकले की वाऱ्याचे निम्मे काम आपणच केलेले असते. शीड असेल तर उतरवावे, कापडी छत गुंडाळता येत असेल तर गुंडाळावे, मोकळ्या वस्तू बांधाव्यात आणि नाव शक्य तितकी लाटांना समोरून भिडेल अशी ठेवावी. बंद केबिनच्या बोटीत दारे-खिडक्या लावून घ्याव्यात, पण बोट उलटण्याची चिन्हे दिसत असतील तर प्रवाशांनी आत अडकून राहू नये. पाण्यात उडी मारू नये. बोट उलटलीच तर ती तरंगत असेपर्यंत तिला धरून राहावे; पोहत काठ गाठण्याचे धाडस चांगल्या पोहणाऱ्यालाही महागात पडते, आणि शोधणाऱ्यांना माणसाच्या डोक्यापेक्षा उलटी बोट लवकर दिसते.

समुद्रात असाल तर बोटीच्या व्हीएचएफ रेडिओवर १६ क्रमांकाच्या वाहिनीवरून मदत मागावी. भारतीय तटरक्षक दलाचा मदतीचा क्रमांक १५५४ आहे. आपल्या तलावांवर आणि जलाशयांवर ११२ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हे क्रमांक आधीच साठवून ठेवावेत. मोबाइल पाण्यापासून वाचवणाऱ्या पिशवीत गळ्यात अडकवलेला असेल तरच हे क्रमांक उपयोगी पडतात.

सोंडेपेक्षा मोठा धोका

इटलीतील सिसिली बेटावरच्या पोर्तिचेल्लो गावासमोर १९ ऑगस्ट २०२४ च्या पहाटे बेझियन नावाची ५६ मीटर लांबीची आलिशान शिडाची नौका नांगर टाकलेल्या स्थितीत उलटून बुडाली. तिच्यावरच्या २२ जणांपैकी ७ जण मृत्युमुखी पडले. सुरुवातीला सगळीकडे जलस्तंभाने नौका बुडवली असे सांगितले गेले. पुढे मात्र तज्ज्ञांचा रोख ढगातून खाली आदळलेल्या वादळी झोताकडे वळला, आणि ब्रिटनच्या सागरी अपघात तपास शाखेने आपल्या प्राथमिक अहवालात म्हटले की नौका त्या वेळी ज्या स्थितीत होती त्या स्थितीत बाजूने आलेला ताशी सुमारे ११७ किलोमीटरचा वारा तिला आडवी पाडण्यास पुरेसा होता.

आपल्याकडचे उदाहरण आणखी जवळचे आहे. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी उजनी जलाशयात कुगावहून कळाशीकडे प्रवासी घेऊन निघालेली बोट वादळी वाऱ्यात सापडून उलटली. सात जणांपैकी एक जण पोहत काठाला लागला, बाकी सहा जणांचा मृत्यू झाला. तिथे जलस्तंभ उठला होता असे कुणीही म्हटलेले नाही. अवकाळी पावसाआधीचा तो नेहमीचा वारा होता, तसाच जो मे महिन्यात गोसीखुर्दच्या विस्तीर्ण पाण्यावर मासे धरणाऱ्या ढिवर बांधवांना दरवर्षी गाठतो. गोड्या पाण्याचा जलाशय समुद्राइतका धोकादायक नसतो, हा समज या घटनेनंतर तरी कुणी बाळगू नये.

म्हणून जलस्तंभ विरला की धोका टळला असे मानू नये. ज्या ढगाने तो उभा केला, तोच ढग पुढच्या काही मिनिटांत पाऊस, झोत आणि वीज खाली सोडू शकतो.

पाचवी पायरी : काठावर असताना

पाण्यात पोहणाऱ्यांनी आणि गुडघाभर पाण्यात खेळणाऱ्या मुलांनी आधी बाहेर यावे. काठावरून जलस्तंभ पाहणाऱ्यांची समजूत अशी असते की तो पाण्यावरच राहील. शांत हवेतला जलस्तंभ जमिनीवर आला की बहुधा लवकर विरतो, हे खरे आहे. पण विरण्यापूर्वीच्या एक-दोन मिनिटांत तो छत्र्या, खुर्च्या, तंबू, टपऱ्यांचे पत्रे आणि खेळणी उचलून फेकतो. २०१५ च्या मे महिन्यात अमेरिकेत फोर्ट लॉडरडेलच्या किनाऱ्यावर आलेल्या एका जलस्तंभाने हवा भरलेला उड्या मारण्याचा फुगा आत खेळणाऱ्या मुलांसह उचलला आणि तीन मुले जखमी झाली. असे फुगे आपल्या मीना बाजारांत आणि तलावाकाठच्या जत्रांतही असतात. आकाश काळवंडताच मुलांना त्यांतून बाहेर काढणे हे ते चालवणाऱ्याचे पहिले काम आहे आणि आईवडिलांचे त्याच्याही आधीचे.

आसरा पक्क्या इमारतीत घ्यावा. तिथे खालच्या मजल्यावर, खिडक्यांपासून दूर, मधल्या खोलीत किंवा जिन्याखाली थांबावे. टिनाचे छप्पर असलेली टपरी, मंडप, जाहिरातीचा फलक, मोठे झाड यांच्या आडोशाला उभे राहू नये. नागपुरात वादळी वाऱ्यात माणसे जखमी होतात ती मुख्यतः उडालेले टिन आणि पडलेल्या फांद्या यांमुळे. इमारत जवळ नसेल आणि जलस्तंभ काठावर चढतच असेल, तर खोलगट जागी पालथे पडून दोन्ही हातांनी डोके आणि मान झाकावी. ती जागा पाणी साचणारा नाला नसावी, कारण मागून मुसळधार पाऊस येतो.

सहावी पायरी : विजेपासून बचाव

भारतात वीज पडून दरवर्षी अडीच हजारांहून अधिक माणसे मरतात. जलस्तंभाने होणाऱ्या मृत्यूंशी या संख्येची तुलनाच होऊ शकत नाही, आणि विदर्भातल्या गावांना हे वेगळे सांगायला नको. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत. दर तीन सेकंदांना वीज साधारण एक किलोमीटर दूर असते. ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर ती १० किलोमीटरच्या टप्प्यात आहे, म्हणजे आत जाण्याची वेळ झाली आहे. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर पूर्ण ३० मिनिटे बाहेर येऊ नये. धातूचे छत असलेली बंद मोटारगाडी सुरक्षित असते. दुचाकी, उघडी बोट आणि एकटे झाड सुरक्षित नसते. वीज लागलेल्या माणसाला हात लावल्याने धक्का बसत नाही. श्वास बंद असेल तर लगेच छातीदाब देण्यास सुरुवात करावी आणि दुसऱ्या कुणाला तरी १०८ वर रुग्णवाहिका बोलवायला सांगावे. घाबरून मदत न केल्याने वाचू शकणारी माणसे जातात.

सातवी पायरी : निघून गेल्यावर

आधी आपल्यासोबतची माणसे मोजावीत, विशेषतः मुले आणि वृद्ध. बोटीतून उतरलेल्यांची संख्या चढताना मोजलेल्या संख्येशी जुळते का, हे बोटवाल्याकडून खात्री करून घ्यावे. तुटलेल्या वीजतारांपासून, आणि तार पडलेल्या पाण्याच्या डबक्यापासून दूर राहून १९१२ वर महावितरणला कळवावे. पाण्यात गटांगळ्या खाल्लेला माणूस बरा दिसत असला, तरी त्याला खोकला येत असेल, धाप लागत असेल किंवा गुंगी येत असेल तर त्याला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे, कारण फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनी वाढू शकतो.

आणि सुरक्षित जागी पोहोचून जलस्तंभ पाहिला असेल, तर त्याची नोंद हवामान विभागाला जरूर कळवावी. रडारला न दिसणाऱ्या या घटनेची माहिती पाहणाऱ्यांकडूनच मिळते. तारीख आणि घड्याळातली वेळ, आपण उभे होतो ते ठिकाण, जलस्तंभ कोणत्या दिशेला होता आणि कुठे सरकला, किती मिनिटे टिकला, सोंड पाण्याला टेकली होती की फक्त तुषारांचे कडे दिसले, पाऊस आणि विजा आधी होत्या की नंतर आल्या, इतके लिहिले तरी पुरे. छायाचित्र असेल तर त्यात क्षितिज आणि एखादी ओळखीची खूण येऊ द्यावी, म्हणजे आकार आणि अंतर मोजता येते. खिडकीच्या आतून काढलेले छायाचित्रही या कामाला चालते.